पोत्याची घागर

साधारण पंचवीस वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाकडे मी एक कथा पाठवली होती. कथेची नायिका शेतकऱ्याच्या घरची होती. पहिल्याच पानावर ती दारात उभ्या असलेल्या बैलगाडीच्या साटीवरून ज्वारीचे भरले पोते पाठीवर घेते, वाकून आठ-दहा पावले चालते आणि सोप्यातल्या थप्पीवर ते टाकते, असा प्रसंग होता. नायक शहरातून आलेला, नुकताच बँकेत चिकटलेला, आणि हे पाहता पाहताच तो तिच्या प्रेमात पडतो, असे मी लिहिले होते. आठवड्याभराने संपादकांचे आंतरदेशीय पत्र आले. त्यातली भाषा अतिशय सौजन्याची होती. कथा आवडल्याचे कळवून त्यांनी एकच सूचना केली होती: नायिकेचा पहिला प्रवेश जरा हळुवार करता आला तर पाहावा, कारण पोते उचलणारी अशी दांडगी मुलगी पाहून नायक प्रेमात पडेल हे वाचकाला पटणार नाही.

मी त्याच रात्री बसून प्रसंग बदलला. गाडीच्या जागी विहिरीचा काठ आला, पोत्याच्या जागी घागर आली, आणि सोप्याच्या उंबऱ्याशी घामाने निथळणारी मुलगी पायऱ्या चढताना जराशी धापा टाकू लागली, म्हणजे नायकाला पुढे होऊन हात देता यावा. कथा छापून आली. वाचकांची दोन पत्रेही आली आणि त्यांपैकी एकाने विहिरीवरच्या प्रसंगाची तोंडभरून स्तुती केली होती.

या हकिकतीत मला आज टोचते ते संपादकांचे पत्र नव्हे. बदल करताना मला राग आला नव्हता. उलट सुटल्यासारखे वाटले होते, आणि टोचते ते हे. पोते उचलणाऱ्या मुलीच्या प्रेमात नायक पडतो हे वाक्य मी लिहिले होते खरे, पण ते एका ओळीत उरकून मी घाईघाईने पुढच्या परिच्छेदात शिरलो होतो, कारण त्याला त्या क्षणी नेमके काय वाटले असेल याची कल्पनाच मला करता येत नव्हती. घागर घेतलेल्या मुलीकडे पाहून काय वाटते ते मात्र मला तयार मिळाले होते. त्याची अख्खी पेठ भरलेली आहे.

आणि घागर तरी हलकी असते का? पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी, वर भांड्याचे वजन वेगळे. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी आणि कमरेवर घागर घेऊन चढण चढणारी बाई तीस किलोंच्या आसपास वजन तोलत असते, तेही मान न हलवता. आपल्या कवितेने आणि चित्रांनी या बाईवर पिढ्यान्पिढ्या प्रेम केले, पण त्यांना तिची कमर दिसली, ओला पदर दिसला, डुचमळणारे पाणी दिसले. वजन दिसले नाही. म्हणजे मी माझ्या नायिकेची ताकद काढून घेतली नव्हतीच. ती कोणाच्या लक्षात येणार नाही अशी सोय तेवढी केली होती.

त्यानंतर केव्हातरी मला शब्द गोळा करण्याचा नाद लागला. धट्ट्याकट्ट्या बाईसाठी मराठीत जे शब्द आहेत त्यांतला प्रेमपत्रात घालता येईल असा एक तरी निघतो का, हे मी पाहू लागलो. दांडगी, आडदांड, धटिंगण, थोराड, पुरुषी, रांगडी. ‘थोराड’ तर आमच्या घरात माझ्या बहिणीसाठी वापरला जाई, आणि तोही पाहुण्यांसमोर, आवाज खाली आणून, जणू काही पत्रिकेतला दोष सांगावा तसा. पुरुषासाठी भरदार, पिळदार, कमावलेले अशी विशेषणांची रास. बाईच्या बाबतीत ‘भरदार’ म्हटले की आपण शरीराच्या भलत्याच भागाबद्दल बोलतो आहोत असा समज होतो. पुराणांतून घरगुती बोलण्यात उतरलेल्या ज्या दोन बलवान स्त्रिया आहेत, त्या हिडिंबा आणि त्राटिका, आणि दोन्ही नावे नवरे मित्रमंडळींत बायकोबद्दल तक्रार करताना वापरतात. शेक्सपिअरच्या कजाग नायिकेला नवरा वठणीवर आणतो त्या नाटकाचे मराठी रूपांतर वा. बा. केळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केले, तेव्हा त्यांनी त्याला नाव दिले ‘त्राटिका’. मुळातली ती मुलगी राक्षसी वगैरे काही नाही, तोंडाने फटकळ आहे इतकेच. पण मराठी प्रेक्षकाला एका शब्दात काय ते कळावे म्हणून रामाच्या बाणाने मेलेल्या राक्षसीचे नाव तिला मिळाले. शाहूनगरवासी मंडळीच्या प्रयोगांत गणपतराव जोशी तिला वठणीवर आणत, आणि ती त्राटिका होत बाळाभाऊ जोग, म्हणजे एक पुरुषच. जाता जाता हेही सांगायला हवे की मराठी रंगभूमीवर नाजूकपणाचे जे प्रमाण ठरले, ज्याचे नेसणे आणि गजरा माळणे घरंदाज बायकांनी उचलले, तेही बालगंधर्वांनी, म्हणजे पुन्हा एका पुरुषानेच ठरवून दिले होते.

हिडिंबेची गोष्ट मात्र महाभारतात जाऊन नीट वाचण्यासारखी आहे, कारण तिच्यात आपल्या बोलण्यातली हिडिंबा सापडत नाही. ती भीमाला पाहते, तिला तो आवडतो, आणि पहिली गोष्ट ती कोणती करते, तर सुंदर मानवी रूप घेते. आपल्या मूळ देहाने आपण त्याच्यासमोर जाऊ नये हे तिला कोणी सांगावे लागत नाही. तिच्या भावाला मारल्यावर भीम तिलाही भावाच्याच वाटेने धाडायला निघतो. युधिष्ठिर आडवा येतो म्हणून ती वाचते. कुंतीच्या संमतीने लग्न लागते ते अटीवर, दिवसभर नवरा तिचा आणि रात्री परत भावांजवळ. आणि मग व्यास एका ओळीत सांगून जातात की हिडिंबा भीमाला उचलून घेऊन आकाशात उडाली. बायको उचलून नेते आणि नवरा मुकाट्याने जातो, असे दुसरे उदाहरण मला आपल्या महाकाव्यांत आठवत नाही. ते भीमाच्याच वाट्याला आले यात मला फार अर्थ दिसतो. ज्याला स्वतःच्या बळाबद्दल तिळभर शंका नाही, त्यालाच उचलून घेतले जाण्याचे काही वाटत नसावे.

अर्जुनाचे तसे नाही. मूळ महाभारतातली मणिपूरची चित्रांगदा ही एक देखणी राजकन्या आहे. अर्जुन तिला पाहतो, मागणी घालतो, लग्न होते. तिला धनुर्धर केले ते रवींद्रनाथ ठाकुरांनी, १८९२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या काव्यनाट्यात. राजाला मुलगा नाही म्हणून तिला मुलासारखे वाढवलेले. ती शिकार करते, राज्याचे रक्षण करते. अरण्यात तिची अर्जुनाशी गाठ पडते तेव्हा तो या पोरसवदा शिकाऱ्याकडे पाहून गमतीने हसतो. दुसऱ्या दिवशी ती पुरुषी वेष उतरवून, कंकणे आणि मेखला घालून त्याच्यासमोर जाते आणि त्याला मागणी घालते. अर्जुन सांगतो की मी ब्रह्मचर्यव्रती आहे, पती व्हायला योग्य नाही. मग ती मदनाकडून एका वर्षापुरते सौंदर्य मागून घेते, आणि त्या सौंदर्यासमोर अर्जुनाचे व्रत पहिल्याच भेटीत विरघळते.

या नाट्यात मला सर्वांत खरी वाटते ती ही व्रताची सबब. तुझे खांदे रुंद आहेत, तुझ्या बोटांना प्रत्यंचेचे घट्टे पडले आहेत, म्हणून तू मला नको, असे कोणताही पुरुष म्हणत नाही. तो म्हणतो, माझे सध्या लग्नाचे नाही. किंवा, पत्रिका जुळत नाही. किंवा, मला आपले साधे, शांत माणूस हवे. नकाराला नेहमी सुसंस्कृत कपडे चढवलेले असतात, आणि पुष्कळदा ते चढवणाऱ्यालाही खाली काय आहे याचा पत्ता नसतो. रवींद्रनाथ पुढे अर्जुनाला सुधारतात. गावकऱ्यांच्या तोंडून रक्षणकर्त्या राजकन्येबद्दल ऐकून त्याला तिची ओढ लागते, आणि वर्ष संपल्यावर ती खऱ्या रूपात समोर येते तेव्हा तो स्वतःला धन्य म्हणवतो. हे वाचायला गोड आहे, पण माझा त्यावर पुरता विश्वास बसत नाही, कारण मधले वर्ष त्याने तिच्या देखण्या रूपाच्या सहवासात काढलेले आहे. पहिल्या दिवशीच्या चित्रांगदेला हे भाग्य मिळाले असते का, हा प्रश्न नाट्यात अनुत्तरितच राहतो. आणि याच अर्जुनाला पुढे विराटाच्या घरी बांगड्या भरून, वेणी घालून, बृहन्नडा होऊन वर्ष काढावे लागले, ही गंमत महाभारताने आधीच करून ठेवली आहे.

व्रताचे कपडे न चढवता हीच गोष्ट उघडीवाघडी पाहायची असेल, तर जर्मन भाषेतल्या ‘निबेलुंगेनलीड’ या महाकाव्याकडे जावे. ते सन १२०० च्या सुमाराचे आहे. त्यातली ब्रुनहिल्ड ही आइसलँडची राणी, आणि तिचा पण असा, की जो तिला भालाफेक, धोंडफेक आणि उडी या तिन्हींत हरवेल त्यालाच ती वरेल. एकात जरी हरला तरी त्याचे शिर जाईल. तिची ढाल आणायला चौघे जण लागतात, भाला तिघे उचलून आणतात, आणि तो धोंडा वाहायला बारा वीर. राजा गुंथर लग्नाच्या इच्छेने आलेला, पण ही सामग्री पाहून त्याचे पाय लटपटतात, आणि त्याचा सरदार हागेन म्हणतो की असली बाई नरकात सैतानाची नवरी म्हणून शोभेल. सामना गुंथर जिंकतो तो नावालाच. अदृश्य करणारा झगा पांघरून त्याचा साथीदार वीर सिगफ्रिड त्याच्या शेजारी उभा असतो. बळ सिगफ्रिडचे, हातवारे गुंथरचे.

नंतर येते ती लग्नाची रात्र. गुंथर जवळ येऊ पाहतो तेव्हा ब्रुनहिल्ड आपल्या कमरेचा पट्टा सोडते, त्याचे हातपाय बांधते आणि त्याला भिंतीवरच्या खिळ्याला टांगून ठेवते, ते थेट सकाळपर्यंत. मी हा भाग पहिल्यांदा इंग्रजी भाषांतरात वाचला तेव्हा मोठ्याने हसलो होतो, आणि हसता हसता एकदम थबकलो होतो, कारण माझ्या पोत्याच्या कथेत जी जागा मी एका ओळीत उरकली होती ती इथे खिळ्याला लटकत होती. दुसऱ्या रात्री सिगफ्रिड पुन्हा अदृश्य होऊन येतो आणि अंधारात तिच्याशी झुंजतो. ती त्यालाही भारी पडू लागते तेव्हा कवीने त्याच्या मनात घातलेला विचार असा: एका मुलीच्या हातून मी आज मेलो, तर यापुढे सगळ्या बायका आपापल्या नवऱ्यांना जुमानणार नाहीत. म्हणजे त्या शयनगृहात तो एकटा नाही, जगातले तमाम नवरे त्याच्या पाठीशी उभे आहेत. तो तिला नमवतो, गुंथरच्या हवाली करतो, आणि कौमार्य गेल्याबरोबर तिचे बळ नाहीसे होते, इतर कोणत्याही बाईइतके उरते. पुढे तिच्या अपमानातून सूडाची प्रचंड कथा उभी राहते, पण त्या कथेच्या उत्तरार्धात ब्रुनहिल्ड जवळपास दिसेनाशी होते. बळ संपलेल्या ब्रुनहिल्डचे काय करावे हे कवीलाही सुचले नसावे. ग्रीकांनी तर याच्याही पुढे मजल मारली: अ‍ॅमेझॉन या लढवय्या बायकांची राणी पेंथेसिलिया, तिच्या प्रेमात वीर अकिलीस पडतो, पण तिला ठार मारल्यावर, तिचे शिरस्त्राण काढल्यावर.

पण हरवील त्याला वरीन हा पण ऐकायला मला जर्मनीपर्यंत जायचे कारण नव्हते. आमच्या घरी नवरात्रात वडील सप्तशतीचा पाठ करीत. शुंभाचा दूत लग्नाचा निरोप घेऊन येतो तेव्हा देवी त्याला जे उत्तर देते, ते मी लहानपणापासून दरवर्षी ऐकत होतो: ‘यो मां जयति सङ्ग्रामे यो मे दर्पं व्यपोहति, यो मे प्रतिबलो लोके स मे भर्ता भविष्यति.’ युद्धात जो मला जिंकेल, माझा दर्प उतरवील, बळाने माझ्या तोडीचा असेल, तोच माझा पती होईल. वडील हा श्लोक विशेष ठसक्यात म्हणत. आणि त्याच सोप्यात, त्याच आठवड्यात, माझ्या थोराड बहिणीला पाहायला कोणी येणार असले, तर तिने पाण्याचा पिंप स्वतः सरकवू नये, कोणाला तरी हाक मारावी, अशी तिला ताकीद असे. पूजेतल्या अठरा हातांच्या मूर्तीबद्दल कोणाची तक्रार नव्हती. अडचण बहिणीच्या दोन हातांची होती. देवीला वर मिळण्याचा प्रश्न सप्तशतीत निकालात निघतो, कारण मागणी घालणारे सगळेच मरतात. बहिणीला असा मार्ग मोकळा नव्हता.

आपल्या देशात एका बाईने हा पण प्रत्यक्षात करून पाहिला. अलीगढच्या पैलवान हमीदा बानू यांनी १९५४ साली जाहीर आव्हान दिले होते, की मला कुस्तीत हरवा आणि माझ्याशी लग्न करा. त्याच वर्षी बडोद्यात त्यांनी बाबा पहलवानाला एक मिनिट चौतीस सेकंदांत चीत केले. महाराष्ट्राचे त्यांच्याशी वागणे फारसे अभिमानाने सांगण्यासारखे नाही: पुण्यात ठरलेली त्यांची एका मल्लाशी कुस्ती विरोधामुळे रद्द करावी लागली, आणि कोल्हापुरात पुरुष पैलवानाला हरवल्यावर प्रेक्षकांनी त्यांच्यावर दगड भिरकावले. कुस्त्या लुटूपुटूच्या आहेत, असे लोक म्हणत. असतीलही एखाद-दुसऱ्या, आखाड्यात नुरा कुस्ती काही बायकांनी आणली नाही. परंतु बाई जिंकली म्हणजे कुस्ती खोटीच असली पाहिजे, हा तर्क माझ्या संपादकांच्या पत्रातल्या ‘वाचकाला पटणार नाही’ या वाक्याचा सख्खा भाऊ आहे.

सीतेच्या बाबतीत तर आपण हे पटवून घेण्याची सुंदर सोय केली. शिवधनुष्याचा घोडा करून लहानगी सीता खेळत असे, हे कीर्तनात रंगवून सांगतात. ते पाहूनच जनकाने पण लावला. रावणाला जे पेलले नाही ते तिचे खेळणे होते. रामाने धनुष्य मोडले, माळ पडली, आणि तिथून पुढे कोणत्याही कीर्तनकाराला सीतेच्या त्या बळाची आठवण राहत नाही. अशोकवनात तर नाहीच. जणू धनुष्यासोबत तेही मोडले. फक्त ‘अद्भुत रामायण’ नावाच्या आडवाटेच्या संस्कृत ग्रंथात ते परत येते. तिथे सहस्रमुखी रावणाशी लढताना राम रणात मूर्च्छित पडतो आणि सीता कालीरूप धारण करून त्या रावणाला मारते. शुद्धीवर आलेल्या रामाला समोर नाचणारी आपली बायको दिसते आणि तो घाबरतो. मग तो तिची एक हजार आठ नावे घेऊन स्तुती करतो आणि तिला पूर्वीचे सौम्य रूप दाखवण्याची विनंती करतो. ती ते दाखवते. त्या स्तुतीत भक्ती आहेच; पण नवऱ्याची ‘आता पुरे कर’ ही अजिजीही मला त्यात ऐकू येते, आणि ती ऐकून मला रामाबद्दल जवळीक वाटते. निदान तो घाबरला हे तरी त्या कवीने लिहिले.

मी ते लिहिले नव्हते. माझा बँकेतला नायक घाबरला असता. ती पोते टाकून कंबर सरळ करील, त्याच्याकडे पाहील, आणि त्या एका नजरेत त्याचे मनगट, त्याचे खांदे, पायऱ्या चढताना लागणारा त्याचा दम, सगळे वजनकाट्यावर चढेल, याची त्याला धास्ती वाटली असती. तिला मुळी त्याचे वजन करायचे नसेल, हे त्याला सुचलेही नसते. पुरुषांना पुरुषांशी तुलना सहन होते. त्या तुलनेसाठी आखाडा आहे, क्रिकेट आहे, पगार आहे. घरात, जिथे आपल्याला कोणी तोलत नाही असे गृहीत धरलेले असते, तिथे काटा ठेवलेला दिसला की पुरुष बिचकतो आणि म्हणतो, मला नाजूक आवडते. मीही म्हणत होतो. ते खोटेही नव्हते. आवडत होतेच, फक्त ती आवड माझ्यात कुठून आली हे मी कधी विचारले नव्हते.

खरे तर त्या नायिकेचे पोते मी कल्पनेतून आणले नव्हते. ते माझ्या आत्याचे होते. सुगीच्या सुट्टीत आम्ही तासगावच्या बाजूला तिच्याकडे जात असू आणि गाडी दारात लागली की पोती तीच उतरवी. तिच्या यजमानांना, आमच्याकडच्या रीतीने, आम्ही मामा म्हणत असू. ते गावच्या शाळेत मास्तर होते, अंगाने काटकुळे, आणि थंडीत त्यांना दम्याचा त्रास असे. मूळ कथेत मी आत्या घेतली आणि मामा वगळले. त्यांच्या जागी बँकेतला तरुण बसवला. मामांचे काय करावे हे मला त्या वयात कळले नव्हते.

गाडी आली की मामा शाळेतून आल्या कपड्यानिशी सदऱ्याच्या बाह्या वर सारून साटीवर चढत. पोत्याचे दोन्ही कान धरून ते कडेला ओढत आणि आत्या पाठ देऊन उभी राहिली की म्हणत, “हं, घे.” मग ती थप्पीवर पोते टाकून परत येईपर्यंत वर उभे राहून ते मोठ्याने आकडा म्हणत, वर्गात हजेरी घ्यावी तसा. शेवटचे पोते गेले की खाली उतरून खांद्यावरच्या पंच्याने तिच्या मानेवरचे आणि पाठीवरचे ज्वारीचे भूस झटकत, सावकाश, एकेक कूस वेचून काढत, आणि आम्ही सगळी पोरे पायरीवर बसून ते पाहत असू.

“पुरे की आता,” आत्या म्हणायची, “पोरं बघत्यात.”

“बघू देत,” मामा म्हणायचे, “अकरा झाली.”